टेबलावरील सैन्य आणि पाहण्याचे अंतर : युद्धखेळातील लघुप्रतिमांच्या रंगकामाची समीक्षा

सारांश :
टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांसाठी धातूच्या अथवा प्लास्टिकच्या छोट्या सैनिकांचे संपूर्ण सैन्य स्वतःच्या हाताने रंगविणे, हा इंग्लंडमध्ये विशेषत्वाने रुजलेला आणि तेथून अनेक देशांत पसरलेला छंद आहे. या रंगकामाचे मूल्यमापन बहुधा एकेका प्रतिमेच्या सफाईवरून केले जाते. सैन्य ही एकच कलाकृती असून ती खेळाच्या टेबलाइतक्या अंतरावरून पाहण्यासाठी घडत असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. छायाचित्राच्या अंतरावरून सिद्ध झालेले निकष तिला लावल्यास तिचे मर्म हातून निसटते. या दृष्टीने रंगकामाचा इतिहास, तंत्र, प्रमाण शैली आणि बाजारव्यवस्था यांचा येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : लघुप्रतिमा, युद्धखेळ, रंगकाम, पाहण्याचे अंतर, प्रमाण शैली, पुनरावृत्ती.

प्रस्तावना :
खेळ आणि कला यांचा संबंध सौंदर्यशास्त्राला नवा नाही. शिलरने १७९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सौंदर्यशिक्षणविषयक पत्रांत क्रीडाप्रेरणेला मध्यवर्ती स्थान दिले. हायझिंगा याने १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात संस्कृतीच्या घडणीतील खेळाचे स्थान विशद केले. मात्र या चर्चेचा भर खेळण्याच्या वृत्तीवर राहिला. खेळाची साधने, ती घडविणारे हात आणि त्या साधनांचे दृश्यरूप यांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. युद्धखेळातील लघुप्रतिमा हे अशा उपेक्षित साधनांपैकी एक होय.

येथे प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘मिनिएचर’ हा शब्द उच्चारताच आपल्याकडील अभ्यासकाच्या मनात मोगल व राजस्थानी लघुचित्रे येतात. प्रस्तुत लेखाचा विषय लघुचित्र हा नसून लघुप्रतिमा हा आहे. लघुचित्रात कागदाचा सपाट पृष्ठभाग असतो आणि उठाव रंगाने निर्माण करावा लागतो. लघुप्रतिमेत उठाव साच्यातूनच आलेला असतो. मग रंगाने नेमके काय करायचे, हा या कलेतील मूलभूत प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका प्रतिमेपुरते एक असते आणि शंभर प्रतिमांच्या सैन्यापुरते दुसरे असते. या दुसऱ्या उत्तराची दखल समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही, ही या लेखामागील भूमिका आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
युद्धखेळाचे एक मूळ बुद्धिबळात आहे आणि बुद्धिबळाचे मूळ भारतीय चतुरंगात आहे. हत्ती, घोडा, रथ व पायदळ ही चार अंगे सोंगट्यांच्या रूपाने पटावर मांडण्याची कल्पना युरोपात पोहोचली. १७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या योहान हेलविग याने बुद्धिबळाचा विस्तार करून भूप्रदेश दाखविणारा युद्धखेळ प्रसिद्ध केला. पुढे प्रशियातील फॉन राइस्विट्झ याने १८१२ मध्ये राजासमोर आपला ‘क्रीगस्पील’ सादर केला आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याला लष्करी शिक्षणास उपयुक्त असे रूप दिले. या मुलाच्या खेळात सैन्य म्हणजे लाल व निळ्या रंगांचे ठोकळे होते. रंगाचे काम केवळ पक्ष ओळखण्याचे होते.

दुसरा प्रवाह खेळण्यांचा होता. अठराव्या शतकात न्यूरेंबर्ग परिसरात कथिलाचे चपटे रंगीत सैनिक तयार होत असत. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या व्यवसायाने आतून पोकळ अशा शिशाच्या सैनिकांची ओतकामाची पद्धत आणली आणि खेळण्यातील सैन्य मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आले. एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. ठोकळ्याच्या जागी मानवाकृती सैनिक आला. वेल्स यांनी हे लुटुपुटीचे युद्ध खऱ्या युद्धाला पर्याय म्हणून मांडले होते. पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धास प्रारंभ झाला, ही नोंद या छंदाच्या इतिहासात वारंवार अस्वस्थपणे येते.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ब्रिटन यांचे सैनिक रंगवूनच विकले जात. रंगाचे श्रम उत्पादकाकडे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. छोट्या ओतकाम-व्यावसायिकांनी न रंगविलेल्या धातूच्या प्रतिमा विकण्यास आरंभ केला. एअरफिक्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून एकरंगी प्लास्टिकचे छोटे सैनिक बाजारात आणले. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक आले आणि नियम, प्रतिमा व रंग यांचा एकत्रित छंद आकारास आला. १९७५ मध्ये लंडनमध्ये ‘गेम्स वर्कशॉप’ आणि १९७९ मध्ये नेवार्क येथे ‘सिटॅडेल मिनिएचर्स’ या संस्था स्थापन झाल्या. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ व १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ हे खेळ प्रसिद्ध झाले. या टप्प्यावर ग्राहक अपूर्ण वस्तू विकत घेऊ लागला होता. जोडणे, घासणे व रंगविणे हे श्रम त्याच्याकडे आले होते आणि त्या श्रमांनाच तो छंद म्हणू लागला होता.

आपल्याकडील दिवाळीच्या किल्ल्याशी तुलना केल्यास हा बदल अधिक स्पष्ट होईल. किल्ला मुले स्वतः मातीने रचतात. त्यावरील मावळे मात्र बहुधा बाजारातून रंगवलेलेच आणले जातात. म्हणजे भूमी हाताची आणि सैन्य विकतचे. युद्धखेळातील छांदिष्ट भूमीही अनेकदा स्वतः करतो, परंतु त्याची खरी गुंतवणूक सैन्यात असते. किल्ला चार दिवसांत मोडायचा असतो. रंगविलेले सैन्य वर्षानुवर्षे सांभाळले जाते.

रंगकामाची प्रक्रिया :
प्लास्टिकच्या चौकटीतून सुटे भाग कापून काढणे, साच्याच्या सांध्याची रेघ चाकूने खरवडणे आणि भाग चिकटविणे ही पूर्वतयारी होय. नंतर काळ्या, करड्या किंवा पांढऱ्या रंगाचे अस्तर दिले जाते. अस्तरावर मूळ रंग येतो. त्यावर शाईसारखा पातळ गडद रंग सोडला जातो. तो खोलगट जागी साचतो आणि सावली तयार होते. यानंतर जवळजवळ कोरडा केलेला कुंचला उंचवट्यांवरून फिरविला असता केवळ वरच्या कडांवर फिका रंग लागतो. याला ड्रायब्रशिंग म्हणतात. अधिक काटेकोर पद्धतीत प्रत्येक कडेवर बारीक फिकी रेघ ओढून उजाळा दिला जातो. शेवटी डोळ्यांची आखणी होते आणि पायाखालच्या चकतीवर वाळू व गवत चिकटविले जाते.

सावली आणि उजाळा रंगाने द्यावे लागतात, याचे कारण समजून घेतले पाहिजे. प्रतिमेला उठाव असला तरी तिच्या वस्त्राची चुणी मिलिमीटरच्या अंशाइतकी असते. खोलीतील पसरलेल्या प्रकाशात अशा चुणीची सावली डोळ्यांना जाणवत नाही. मोठ्या शिल्पाला प्रकाश आपोआप अर्थ देतो. लघुप्रतिमेला तो अर्थ रंगातून मिळवून द्यावा लागतो. म्हणून हे रंगकाम शिल्पाचे वाचन असते. शिल्पकाराने काय घडविले हे दूरच्या डोळ्याला सांगणे, हे रंगाचे पहिले कर्तव्य होय.

एकच प्रतिमा रंगविणारा या सर्व पायऱ्या एकीवर पूर्ण करतो. सैन्य रंगविणाऱ्याला तसे करणे परवडत नाही. एका सैन्यात काही डझनांपासून शंभराहून अधिक प्रतिमा असू शकतात. तो दहा-दहा सैनिकांची रांग मांडतो आणि एका बैठकीत दहाही जणांचे फक्त बूट, दुसऱ्या बैठकीत फक्त पट्टे रंगवितो. या कामात कंटाळा अटळ असतो. पण या पुनरावृत्तीमुळेच रंगछटांची संख्या मर्यादित राहते, हात स्थिर होतो आणि पहिल्या व शंभराव्या सैनिकात नाते निर्माण होते. सैन्याची एकात्मता ही या कंटाळ्याची निष्पत्ती आहे.

तीन अंतरे :
या छंदातील परंपरागत प्रमाण २८ मिलिमीटरचे मानले जाते. सुमारे १७०० मिलिमीटर उंचीचा माणूस २८ मिलिमीटरमध्ये दाखविला असता तो साधारणतः साठपट लहान होतो. या हिशोबाने पाहण्याचे प्रत्येक अंतरही साठपट मोठे समजावे लागते.

पहिले अंतर कुंचल्याचे. रंगविणारा प्रतिमा डोळ्यांपासून सुमारे २५ सेंटिमीटरवर धरतो; म्हणजे तो सैनिकाला १५ मीटरवरून पाहतो. दुसरे अंतर टेबलाचे. खेळाडू टेबलाच्या कडेला उभा असतो आणि सैन्य त्याच्यापासून साधारण एक मीटरवर असते. म्हणजे तो त्याला ६० मीटरवरून पाहतो. तिसरे अंतर छायाचित्राचे. नियतकालिकात ही प्रतिमा १० सेंटिमीटर उंच छापली आणि वाचकाने ती ३० सेंटिमीटरवर धरली, तर तो त्याच सैनिकाला अवघ्या पाच मीटरवर पाहतो.

पाच मीटरवरच्या माणसाचे डोळे, भुवया, दाढीचे खुंट दिसावेत अशी अपेक्षा योग्यच आहे. साठ मीटरवरच्या माणसाचे डोळे कोणाला दिसतात? तेथे दिसतो तो पवित्रा, गणवेशाचा रंग, शस्त्राची दिशा आणि शेजाऱ्यांशी असलेली त्याची रांग. इतिहासातील गणवेशही याच अंतरासाठी घडले. बंदुकीच्या धुरात आपला कोण व परका कोण हे कळावे म्हणून लाल, निळे व पांढरे कोट वापरले जात. शस्त्रांचा पल्ला वाढल्यावर ओळखू न येणे हेच हिताचे ठरले. आपल्याकडील वायव्य सरहद्दीवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गाइड्स पलटणीने स्वीकारलेला खाकी रंग पुढे जगभरच्या सैन्यांनी उचलला. काल्पनिक विश्वातील युद्धखेळाने मात्र खाकीपूर्व रंगव्यवस्था टिकवून धरली. ‘वॉरहॅमर ४०,०००’ मधील अल्ट्रामरीन निळे, ब्लड एंजल्स लाल आणि इम्पीरियल फिस्ट्स पिवळे असतात. भविष्यकाळातील हे योद्धे रंगाच्या बाबतीत अठराव्या शतकातील आहेत, आणि टेबलाच्या अंतराचा विचार करता ते तसे असणेच सयुक्तिक आहे.

लेव्ही-स्ट्रॉस यांनी ‘सॅव्हेज माइंड’ या १९६२ च्या ग्रंथात लघुरूपाविषयी एक मर्मग्राही विचार मांडला आहे. मोठी वस्तू आपण भागाभागाने जाणतो, तर लघुरूपात समग्राचे आकलन आधी होते आणि भागांकडे आपण नंतर वळतो, असा त्याचा आशय आहे. हा विचार सैन्याला लागू केल्यास असे दिसते की, येथे समग्र म्हणजे एक प्रतिमा नसून मांडलेले संपूर्ण सैन्य होय. प्रतिमा हा त्याचा भाग आहे. भागाच्या सफाईवरून समग्राचा निवाडा करणे म्हणजे एकेका टाक्यावरून गोधडीची परीक्षा करण्यासारखे आहे.

प्रमाण शैली आणि तिचे वर्चस्व :
‘व्हाइट ड्वार्फ’ हे नियतकालिक १९७७ मध्ये सुरू झाले. त्यातील ‘एव्ही मेटल’ हे सदर आणि त्याच नावाचा संस्थेच्या चित्रकारांचा गट यांनी १९८० च्या दशकापासून रंगकामाची एक प्रमाण शैली सिद्ध केली. स्वच्छ व तेजस्वी रंग, प्रत्येक कडेवर रेखीव उजाळा, कोठेही न सांडलेली सीमारेषा ही तिची वैशिष्ट्ये होत. १९८७ पासून ‘गोल्डन डेमन’ ही स्पर्धा सुरू झाली आणि या शैलीला प्रतिष्ठेचे व्यासपीठ लाभले. या शैलीचे ऋण नाकारता येणार नाही. तिने एका घरगुती छंदाला तंत्राची परिभाषा दिली. शिकता व शिकविता येईल अशी क्रमवार पद्धत दिली.

तथापि ही शैली छायाचित्राच्या अंतरावर घडली, हे विसरता येत नाही. तिचे काम वेष्टनावर व पानावर प्रतिमा आकर्षक दिसावी हे होते. प्रत्यक्षात ती टेबलाचा आदर्श बनली. परिणामी छांदिष्ट आपल्या साठ मीटरवरच्या सैन्याची तुलना दुसऱ्याच्या पाच मीटरवरच्या सैनिकाशी करू लागला. या तुलनेत तो हरणार, हे आधीच ठरलेले असते. या मंडळींच्या बोलीत न रंगविलेल्या प्रतिमांच्या साठ्याला ‘लाजेचा ढीग’ अशा अर्थाचे नाव आहे. विनोदाने दिलेल्या या नावात लाज हा शब्द यावा, हे लक्षणीय आहे. त्यामागे वेळेचा अभाव व अतिरिक्त खरेदी ही कारणे आहेतच; परंतु चुकीच्या अंतरावरून घेतलेला आदर्शही त्यास जबाबदार आहे, असे म्हणावे लागते.

प्रमाण शैलीला प्रतिपक्ष नव्हता असे नाही. त्याच संस्थेचे दीर्घकाळ कलादिग्दर्शक राहिलेले जॉन ब्लांच यांनी तपकिरी, गंजकट, मळकट अशा रंगांची निराळी वाट धरली. त्यांच्या नावावरून ‘ब्लांचित्सू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत कडांच्या रेखीवपणापेक्षा वातावरणाला महत्त्व आहे. अनेक प्रतिमांचे भाग जोडून नवीच प्रतिमा करण्याकडे तिचा कल आहे. ब्लांच यांच्या पद्धतीतील प्रतिमा जवळून पाहिल्यास कधी अपुरी भासते. समूहात पाहिल्यास मात्र एक संपूर्ण जग उभे करते. रंगाची मर्यादित पेटी आणि समान मळकटपणा यांमुळे येथे एकात्मता साधते. सैन्याच्या सौंदर्याचा विचार या पद्धतीत अधिक खोलवर झाला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नियम, बाजार आणि हाताचे स्वातंत्र्य :
२०२० मध्ये आलेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ च्या नवव्या आवृत्तीत रंगविलेल्या सैन्याला कमाल १०० पैकी १० गुण देण्याचा नियम झाला. त्यासाठी मुख्य भाग रंगविलेले असावेत व पायाची चकती साधेपणाने पूर्ण केलेली असावी, एवढीच अट होती. या नियमावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. रंग हा आनंदाचा विषय असताना त्याला गुणांचे आमिष कशाला, हा आक्षेप रास्त आहे. आर्थिक वा शारीरिक अडचणीमुळे जो रंगवू शकत नाही त्याच्यावर हा नियम अन्याय करतो, हेही खरे. परंतु या नियमाने नकळत एक गोष्ट मान्य केली : सैन्याला पुरेशी ठरणारी सफाई ही स्पर्धेतील प्रतिमेच्या सफाईहून वेगळी असते. संस्थेच्याच छायाचित्रांनी जे नाकारले होते ते तिच्या नियमाने स्वीकारले.

२०१९ मध्ये ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग आले. फिक्या अस्तरावर एकच हात दिला असता खोलगट जागी दाट व उंचवट्यावर विरळ बसणारा हा रंग सावली व उजाळा एकदम देतो. काही जाणकारांना यात कौशल्याचा ऱ्हास दिसला. टेबलाच्या अंतराचा निकष लावल्यास हा आरोप टिकत नाही. रंगनिवड, समूहाची लय, कोठे डोळा थांबावा याचा विचार, ही खरी कौशल्ये त्या रंगाने हिरावून घेतलेली नाहीत.

अधिक गंभीर आक्षेप रोलाँ बार्थ यांच्या विचारातून निघतो. ‘मायथॉलॉजीज’ या १९५७ च्या ग्रंथातील खेळण्यांवरील निबंधात त्यांनी असे दाखविले की, तयार खेळणी मुलाला निर्माता न बनविता प्रौढांच्या जगाचा वापरकर्ता बनवितात. येथेही तेच घडते काय? प्रतिमा, रंग, कुंचला, कथा व नियम एकाच संस्थेकडून येतात. कोणता रंग कोठे द्यावा हेही तीच सांगते. ‘गेम्स वर्कशॉप’चा समावेश डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजारातील शंभर मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात झाला. एवढ्या मोठ्या व्यवहारात छांदिष्टाचे श्रम हे वस्तूचे आकर्षण वाढविणारे विनामूल्य श्रम ठरतात, ही टीका दुर्लक्षिण्याजोगी नाही.

तरीही ही टीका पूर्ण सत्य सांगत नाही. साच्यातून निघालेल्या हजारो प्रतिमा एकसारख्या असतात. वॉल्टर बेन्यामिन यांनी यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे म्हटले होते. येथे उलट क्रम दिसतो : यंत्राने आधी वलयहीन वस्तू दिली आणि हाताने तिला एकमेवता दिली. छापील आराखडा बाजूला ठेवून स्वतःची रंगव्यवस्था, स्वतःची चिन्हे व स्वतःच्या सैन्याचा कल्पित इतिहास रचणारे छांदिष्ट कमी नाहीत. ज्याला खेळात केवळ हटविण्याजोगा मोहरा म्हणून मोजले जाते, त्या साध्या सैनिकावर रंगविणाऱ्याने काही वेळ डोळे खिळविलेले असतात. फासे पडल्यावर तो मोहरा उचलला जातो, तेव्हा त्या हाताला त्याचे वजन कळते. वेल्स यांच्या युद्धविरोधी आशेचा काही अंश उरला असेल, तर तो नियमांपेक्षा या रंगकामात उरला आहे.

निष्कर्ष :
१. सैन्याचे रंगकाम व एकट्या प्रतिमेचे रंगकाम या दोन भिन्न कला आहेत. त्यांची साधने समान असली तरी साध्य वेगळे आहे.

२. सैन्य ही एकच कलाकृती मानून तिचे मूल्यमापन टेबलाच्या अंतरावरून व्हावे. रंगांची मर्यादित योजना, समूहाची लय, पक्ष व तुकडी यांची सहज ओळख आणि भूमीशी सुसंगती हे तिचे प्रमुख निकष ठरतात.

३. छायाचित्रातून रुजलेल्या प्रमाण शैलीने तंत्र दिले, त्याचबरोबर विसंगत आदर्शही दिला. अनेक सैन्ये अपुरी राहण्यामागील कारणांपैकी हे एक मानावे लागते.

४. बाजारव्यवस्थेने या छंदाला जन्म दिला व वेढलेही आहे. तथापि पुनरावृत्तीच्या श्रमातून निर्माण होणारी एकात्मता विकत मिळत नाही. तेवढ्यापुरता हात स्वतंत्र राहतो.

५. लोककला, खेळणी व उपयोजित कला यांच्या समीक्षेत ‘कोणत्या अंतरावरून पाहावे’ हा प्रश्न ‘किती कौशल्याने केले’ या प्रश्नाच्या आधी विचारला जावा. लघुप्रतिमांच्या सैन्याचा अभ्यास ही गरज विशेष स्पष्टपणे दाखवून देतो.